सरावात बसतो, मॅचमध्ये हुकतो: बास्केटबॉलच्या शूटिंगची प्रश्नोत्तरे

प्रश्न : रोज २०० शॉट मारतो. सरावात बसतात, मॅचमध्ये हुकतात. (अकरावी, नागपाडा)

एकाच जागी निवांत उभं राहून मारले, तर थोड्या वेळाने हात आधीच्याच शॉटची नक्कल करू लागतो. मॅचमध्ये मात्र दर वेळी जागा नवी, अंतर नवं आणि धाप लागलेली. सरावही तसाच हवा.

आधी रिंगपासून दीड मीटरवर उभं राहून एका हाताने २५ बास्केट करा. मग दोन कोपरे, दोन्ही बाजूंच्या तिरक्या जागा आणि मधली, अशा पाच जागा धरा. एका जागेवरून लागोपाठ दोन शॉट नाहीत. पास हातात येण्याआधी गुडघे वाकलेले हवेत. इथेच बहुतेकांचा अर्धा सेकंद वाया जातो. एकटे असाल तर बॉलला उलटी फिरकी देऊन पुढे टाका आणि टप्पा पडताच पळत जाऊन पकडा. दर १० शॉटनंतर कोर्टाची एक फेरी पळून धापेतच २ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळतात तसे, कोणी न अडवता मारायचे शॉट) मारा. सलग ५० फ्री थ्रो मारू नका, मॅचमध्ये तशी वेळ येतच नाही. आणि वही ठेवा: कुठल्या जागेवरून किती मारले, किती बसले.

प्रश्न : दमल्यावर बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. हातांचा जोर वाढवू? (दादर)

नको, जोर पायांतून येतो. दमलं की गुडघे वाकत नाहीत, मग खांदा बॉल ढकलतो आणि त्याच्या वाटेची कमान सपाट होते. रिंगचा आतला व्यास ४५ सेंमी, मोठ्या बॉलचा सुमारे २४. बॉल ४५ अंशांत उतरला तर त्याच्यासमोर रिंगचं साधारण ३२ सेंमीचं तोंड असतं. ३० अंशांत उतरला तर जेमतेम साडेबावीस, म्हणजे बॉलपेक्षाही अरुंद! म्हणून ६.७५ मीटरच्या, तीन गुणांच्या रेषेची घाई करू नका. ४ मीटरवरून १० पैकी ७ बसू लागले, की अर्धा मीटर मागे सरका.

प्रश्न : उजव्या हाताने मारते, पण बॉल सारखा उजवीकडे जातो. (माटुंगा)

बहुधा डाव्या हाताचा अंगठा बॉल ढकलतोय. शॉट सुटल्यावर हात तसेच थांबवून बघा. डावा तळवा रिंगकडे वळलेला दिसला तर चूक तीच. तो हात नुसता आधाराला असतो, तळवा उजवीकडेच राहायला हवा.

प्रश्न : पावसाळ्यात कोर्ट ओलं असतं. घरी काय करता येईल?

ओल्या सिमेंटवर शॉट मारू नका. उडी मारून उतरताना पाय घसरतो, आणि निसरडा बॉल धरायला बोटं आवळली जातात. घरी पाठीवर झोपून एका हाताने बॉल सरळ वर फेका, साधारण हातभर उंच, उलट्या फिरकीसह. कोपर बाहेर गेलं की बॉल तिरका पडतो, हाताशी परत येत नाही. २०-२० चे तीन सेट पुरेत. टप्पा पडत नसल्याने खालच्या मजल्यावरच्यांनाही त्रास नाही.