आधी नदी बघ, मग फितुरी

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पहिलं प्रकरण वाचलं. स्पेनचा पैसा खाणाऱ्या अमेरिकी जनरल जेम्स विल्किन्सनला तू पहिल्याच ओळीत 'देशद्रोही' ठरवून मोकळी झालीस. शब्द खोटा नाही, पण तो घाईनं आला आणि ॲपलाचियन डोंगरांपलीकडच्या केंटकीची माणसं त्याच्या आड गेली. मला त्या माणसांची काळजी वाटते.

1784 साली स्पेननं खालची मिसिसिपी नदी अमेरिकी होड्यांना बंद केली. ॲपलाचियन ओलांडून तंबाखू पूर्वेला नेणं शेतकऱ्याला परवडत नसे. सपाट बुडाच्या नावेत भरून तो नदीच्या मुखाजवळच्या, स्पेनच्या ताब्यातल्या न्यू ऑर्लिन्सलाच उतरवायचा. त्यात 1786 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्र सचिव जॉन जे स्पेनशी बोलताना नदीवरचा हक्क पंचवीस-तीस वर्षं सोडून द्यायला तयार झाले. आपलं पोट ज्या वाटेवर, तीच वाट आपलं सरकार विकतंय म्हटल्यावर माणसं चिडणारच! त्यांच्या अमेरिकेतून फुटण्याच्या कुजबुजीला लगेच फितुरी म्हणू नकोस.

विल्किन्सन 1787 मध्ये माल घेऊन न्यू ऑर्लिन्सला गेला, तिथल्या स्पॅनिश गव्हर्नर मिरोला भेटला आणि गुपचूप स्पेनशी निष्ठेची शपथ घेऊन आला. पुढे स्पेनच्या कागदांत तो 'क्रमांक 13' झाला. 1792 मध्ये केंटकी राज्य झालं, 1795 च्या तहानं नदी खुली झाली. शेतकऱ्याचं गाऱ्हाणं तिथं संपलं. जनरलचा पैसा मात्र थांबला नाही: 1796 मध्ये साखर-कॉफीच्या पिंपांत लपवलेले डॉलर त्याच्यासाठी नदीनं वर आले, आणि त्याच वर्षाअखेर तो अमेरिकी सैन्यातला सर्वांत वरिष्ठ अधिकारी झाला. या दोघांच्या वाटा इथं फुटतात. तुझं प्रकरण इथून सुरू व्हायला हवं.

माजी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बरचा पश्चिमेकडचा मुलूख फोडण्याचा कथित कट तू नीट मांडला आहेस. फक्त विल्किन्सनला आलेल्या त्या सांकेतिक पत्रापाशी थोडी थांब. बरकडून आलेल्या त्या पत्राच्या सुरुवातीलाच विल्किन्सनचं आधीचं पत्र पोचल्याची कबुली होती. त्यानं नेमका तेवढा मजकूर गाळला आणि पत्र राष्ट्राध्यक्ष जेफर्सनपुढे पुरावा म्हणून ठेवलं. खोडलेली ती ओळ मला अख्ख्या कटापेक्षा जास्त सांगून जाते. 1807 मध्ये रिचमंडला न्यायमूर्ती मार्शल यांनी देशद्रोहासाठी प्रत्यक्ष युद्धाची कृती आणि तिचे दोन साक्षीदार मागितले, ते मिळाले नाहीत आणि बर सुटला. तिथं विल्किन्सनवर तर तो आरोपही आला नाही. 1825 मध्ये तो मेक्सिको सिटीत वारला, आणि स्पेनच्या दप्तरांतले कागद त्यानंतर कितीतरी वर्षांनी बोलू लागले.

ओहायो आणि मिसिसिपीचा नकाशा भिंतीवर लाव, मग पहिली चार पानं पुन्हा लिही. 'देशद्रोही' हा शब्द 1796 च्या आधी येऊ देऊ नकोस. पानं झाली की लगेच पाठव, मी वाट बघतोय.

तुझे सर