घटनेची प्रश्नोत्तरे : मुदत लिहिलेली असते, पाळली जात नाही

राज्यघटनेविषयी वाचकांची जी पत्रे येतात, त्यांत तेच ते प्रश्न फिरून येतात. काहींच्या मुळाशी फॉरवर्ड केलेला मजकूर असतो, तर काहींच्या मुळाशी खरी अडचण. या वेळी दोन्ही प्रकारचे प्रश्न घेतले आहेत. अडचण स्वतःची असेल, तर इथले उत्तर वाचून थांबू नका, कागद वकिलाला दाखवा.

प्रश्न : ‘अनुच्छेद ३० मुळे मदरशात कुराण शिकवता येते, पण ३०-अ मुळे शाळेत गीता शिकवायला बंदी आहे’ असा संदेश आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. खरे आहे का?

खोटे आहे. घटनेत अनुच्छेद ३०-अ नाहीच. अनुच्छेद ३० मध्ये (१अ) हे उपकलम आहे, पण त्याचा विषय अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थेची मालमत्ता सरकारने संपादित केली तर द्यायचा मोबदला हा आहे. शाळेतल्या धार्मिक शिक्षणाबद्दल अनुच्छेद २८ बोलतो. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत कोणत्याही धर्माचे धार्मिक शिक्षण देता येत नाही, हा नियम सगळ्या धर्मांना सारखा लागू आहे. धर्मग्रंथांचा साहित्य किंवा इतिहास म्हणून अभ्यास करायला आडकाठी नाही. घटनेची मराठी प्रत सहज मिळते. पुढे पाठवण्याआधी ती उघडून पाहायला दोन मिनिटे पुरतात.

प्रश्न : आरक्षण फक्त १० वर्षांसाठी होते ना?

लोकसभा आणि विधानसभांमधल्या राखीव जागांना अनुच्छेद ३३४ ने १० वर्षांची मुदत घातली होती. ती दर वेळी वाढवली गेली आणि आता २५ जानेवारी २०३० पर्यंत आहे. शिक्षण आणि नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला घटनेत कधीच मुदत नव्हती.

प्रश्न : मूलभूत कर्तव्ये पाळली नाहीत तर शिक्षा होते का?

केवळ अनुच्छेद ५१-अ च्या आधारे होत नाही. वेगळा कायदा असेल तरच होते.

प्रश्न : एक संस्था काही हजार रुपये घेऊन ‘मानवाधिकार अधिकारी’ असे ओळखपत्र देते. कार्डावर अशोकस्तंभही आहे. घ्यावे का?

घेऊ नका. पैसे भरून असा अधिकार मिळत नाही, आणि खासगी कार्डावर राजचिन्ह छापणे २००५ च्या कायद्याने गुन्हा आहे. हा निव्वळ धंदा आहे, आणि त्याला बळी पडतात ती पोलीस ठाण्यात आपले कोणी ऐकत नाही म्हणून हताश झालेली माणसे. खरी तक्रार असेल तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे ती विनाशुल्क करता येते. मात्र तो प्रकार घडून एक वर्ष उलटले की आयोगाला चौकशी करता येत नाही. त्यामुळे कार्डाच्या मागे वेळ घालवू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन तक्रार लिहून घ्या.

प्रश्न : शंभराहून जास्त वेळा दुरुस्त करावी लागली, म्हणजे आपली घटना कच्ची आहे का?

नाही. बदलता न येणारी घटना मोडून टाकावी लागते. खरा प्रश्न चुकीची दुरुस्ती परतवता येते का, हा आहे. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने केलेली बरीच मोडतोड १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने काढून टाकली. शिवाय ‘अंतर्गत अशांतता’ एवढ्या कारणावर आणीबाणी लादण्याची वाटही बंद केली. त्याआधी १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींनी ७ विरुद्ध ६ अशा मताने संसदेला सांगितले होते की, मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही. एका मताचे अंतर होते, पण त्याने घटना सावरली.

प्रश्न : आमच्या शहरात कित्येक वर्षे नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. घटनेत याची परवानगी आहे का?

नाही. अनुच्छेद २४३-यू सांगतो की महापालिकेची मुदत पहिल्या सभेपासून ५ वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मुदतीआधी पालिका बरखास्त केली तरी ६ महिन्यांत निवडणूक घ्यावीच लागते. इतक्या स्पष्ट शब्दांत मुदत घालून देणारी कलमे घटनेत फार थोडी आहेत. तरीही औरंगाबाद महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, मुंबईची मार्च २०२२ मध्ये, आणि मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. मुंबईचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. तो मांडणाराही प्रशासक आणि मंजूर करणाराही तोच. तो मंजूर होताना त्यातल्या एका रुपयावरही प्रश्न विचारायला निवडून आलेला नगरसेवक नव्हता.

असे का झाले? मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या स्थानिक आरक्षणासाठी तीन कसोट्या घातल्या : स्वतंत्र आयोग, प्रत्येक संस्थेपुरती आकडेवारी आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. ती आकडेवारी वेळेत तयार झाली नाही. २०२२ मध्ये प्रभागरचनेचा अधिकार सरकारने राज्य निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेतला. सरकार बदलल्यावर मुंबईतले प्रभाग २३६ वरून पुन्हा २२७ झाले. त्यावर ‘जैसे थे’चा आदेश आला आणि तारखांवर तारखा पडत गेल्या. मे २०२५ मध्ये न्यायालयाने ४ महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगितले, त्यानंतर गाडी हलली.

मला यात कोणा एका पक्षाला दोष द्यायचा नाही, कारण या काळात सत्तेवर सगळेच येऊन गेले. दोष रचनेत आहे. मुदत चुकली तर पुढे काय, हे अनुच्छेद २४३-यू सांगत नाही. प्रभाग आखण्याचे काम सरकारकडे राहिले, तर ते लांबवणेही सरकारच्याच हातात राहते. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत, पण ते पालिकांना द्यायचे की नाही हे विधानमंडळाच्या मर्जीवर सोडले आहे. २००६ मध्येच अहमदाबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, मोठ्या आपत्तीसारखी अपवादात्मक स्थिती सोडली तर निवडणूक लांबवता येत नाही. हा निकाल असतानाही महाराष्ट्रात एवढा उशीर झाला, याने मी अस्वस्थ आहे. प्रभागरचना राज्य निवडणूक आयोगाकडे कायमची परत दिली पाहिजे आणि मुदत संपण्याच्या वर्षभर आधी तिचे काम सुरू करण्याचे बंधन कायद्यात घातले पाहिजे.

तुम्ही काय करू शकता? पालिकेच्या पहिल्या सभेची तारीख माहिती अधिकारात मागवून ठेवा. मुदत संपायला सहा-आठ महिने असताना काहीच हालचाल दिसत नसेल, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाण्याविषयी रिट याचिकांचा अनुभव असलेल्या वकिलाशी बोला. निवडणूक जाहीर झाल्यावर मात्र तिला आव्हान देण्याचे मार्ग फार अरुंद होतात, तेव्हा त्याआधीच जा.

प्रश्न : पक्ष सोडलेल्या आमदारांवरचा निर्णय इतका का रखडतो?

कारण दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदीच्या नियमांत, मुदत लिहिलेलीच नाही, आणि निर्णय द्यायचा तो विधानसभेच्या अध्यक्षांनी, जे स्वतः एखाद्या पक्षाचे असतात. महाराष्ट्रात २०२२ च्या मध्याला आमदारांना अपात्र ठरवण्याचे अर्ज झाले, शिवसेनेच्या प्रकरणात निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नवी विधानसभा निवडून आली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये साधारण ३ महिन्यांचा कालावधी सांगितला होता आणि हे काम स्वतंत्र लवादाकडे देण्याचा विचार करा असेही संसदेला सुचवले होते. तो कायदा अजून झालेला नाही.

प्रश्न : रस्त्यासाठी आमची जमीन जात आहे. मालमत्तेचा मूलभूत हक्क दाखवून थांबवता येईल का?

मालमत्ता १९७८ च्या दुरुस्तीनंतर मूलभूत हक्क राहिलेली नाही. अनुच्छेद ३००-अ एवढेच सांगतो की कायद्याच्या आधाराशिवाय ती कोणी काढून घेऊ शकत नाही. त्यामुळे संपादन थांबवण्यापेक्षा बहुधा मोबदल्यावरच लढावे लागते. संपादन २०१३ च्या कायद्याने होत असेल, तर निवाड्याच्या, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाच्या, वेळी तुम्ही हजर असल्यास वाढीव मोबदल्याच्या अर्जाला त्या तारखेपासून ६ आठवडेच मिळतात. रक्कम घेताना ‘हरकतीसह’ असे लिहा, नाहीतर तो अर्ज करताच येत नाही. राष्ट्रीय महामार्ग असेल तर कायदा वेगळा, तिथे लवादाकडे जावे लागते. कुठला कायदा लागू आहे हे नोटिशीच्या डोक्यावरच लिहिलेले असते. ती नोटीस आणि सातबारा घेऊन याच आठवड्यात भूसंपादनाची प्रकरणे चालवणारा वकील गाठा.