वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक युनिसायकलची ट्यूब घरी बदलायची तर

या वेळी एकाच विषयावर बरीच पत्रं आलीत, इलेक्ट्रिक युनिसायकलचं, म्हणजे मोटरच्या जोरावर स्वतःच तोल सांभाळणाऱ्या एकचाकी गाडीचं, पंक्चर. त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ आणि आज हेच नीट बघू.

प्रश्न : माझी १६ इंची युनिसायकल आहे, ट्यूबवाली. सकाळी बघितलं तर टायर पूर्ण बसलेला. सायकलचं पंक्चर मी स्वतःच काढतो, पण इथे चाक बाहेर कसं काढायचं तेच कळत नाही, एका बाजूने जाड वायर थेट आसात गेलीय. उघडू की नको? मोटर बिघडणार नाही ना?

उत्तर : उघडा, पण सायकल समजून उघडू नका. इथे चाक म्हणजेच मोटर आहे, टायर बसलाय तो मोटरच्याच रिमवर आणि ती जाड वायर म्हणजे त्या मोटरचा जीव. ट्यूब बदलणं हे काम तसं सायकलसारखंच आहे हो, अवघड आहे ते तिच्यापर्यंत पोचणं आणि परत सगळं जिथल्या तिथे बसवणं.

सगळ्यात आधी गाडी बंद करा, चार्जर काढा, आणि कव्हर उघडल्याबरोबर पहिलं काम बॅटरीचे कनेक्टर सोडवायचं. बॅटरी पॅकमधल्या एका सेलचे पूर्ण चार्जला ४.२ व्होल्ट धरा, एकापुढे एक जोडलेल्या १६ सेलच्या पॅकचे होतात ६७.२, २० सेलचे ८४, मोठ्या गाड्यांमध्ये १००.८ आणि १२६ सुद्धा असतात, म्हणजे पाना चुकून दोन टोकांना लागला तर काय होईल ते सांगायला नको. दोन किंवा जास्त पॅक असतील तर सगळे सोडवायचे, एक सोडवला म्हणजे झालं असं नाही. मग पॉवरचं बटण एकदा दाबून ठेवा, मोटर चालवणाऱ्या सर्किट बोर्डवरच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवून ठेवणारा भाग) उरलेला चार्ज त्यात बराचसा उतरतो. काम संपेपर्यंत एक पॅक वेगळा चार्ज करणं वगैरे अजिबात नको, कारण परत जोडताना सगळे पॅक सारख्याच व्होल्टेजवर असायला हवेत, नाहीतर भरलेल्या पॅकमधून रिकाम्यात एकदम करंट धावतो.

दर टप्प्याला मोबाईलवर फोटो काढत जा, वायर कुठून कुठे वळलीय, कुठला स्क्रू लांब कुठला आखूड, सगळं. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर आतल्या बॅटरीपर्यंत टोचू शकतो म्हणून स्क्रू कागदावर चित्र काढून त्या-त्या जागीच ठेवलेले बरे. पायाजवळच्या गाद्या निघतात, मग बाजूची कव्हरं, मग पेडल धरणारे ब्रॅकेट जे आसाला दोन्हीकडून पकडून ठेवतात. हे बोल्ट बऱ्याचदा थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) लावून घट्ट केलेले असतात, तेव्हा ॲलन की पूर्ण आत बसवूनच जोर लावा, खाच झिजली की मग खरी डोकेदुखी.

आता वायरचं. बहुतेक मोटरला तीन जाड वायर असतात, पिवळी हिरवी निळी, आणि त्यांच्यासोबत पाच बारीक वायरचा एक कनेक्टर असतो तो हॉल सेन्सरचा, चाक नेमकं कुठे आहे ते बोर्डला कळवतो तो. वायर ओढून कनेक्टर काढू नका, कनेक्टरलाच धरा, आणि चाक उचलताना वायरला लोंबकळू तर अजिबात देऊ नका. वायर जिथे आसातून बाहेर येते तिथे तिला तीव्र वळण असतं, तिथेच ती कापली जाते. आणि मार्करने मोटरच्या झाकणावर डावी बाजू उजवी बाजू लिहून ठेवा. चाक उलटं बसलं तर पुढे झुकल्यावर मोटर मागे पळेल, आणि जी गाडी तोल सांभाळण्यासाठीच मोटर फिरवते तिच्यात याचा अर्थ सरळ पडणं. टायरच्या बाजूवरचा फिरण्याची दिशा दाखवणारा बाण पण तेव्हाच बघून ठेवा.

एक गोष्ट जी फारशी कोणी सांगत नाही. ट्यूब ही बंद कडी आहे म्हणून ती काढायला आसाचं एक टोक तरी मोकळं करावंच लागतं, पण ते टोक बिनवायरचं असलं तरी चालतं. काही मॉडेलमध्ये त्याच बाजूचा ब्रॅकेट काढला आणि आजूबाजूला हात जाईल एवढी जागा असली की मोटरची वायर न सोडवताही जुनी ट्यूब निघते आणि नवी जाते. तुमच्या गाडीत जमतंय का ते कव्हर उघडल्यावर लगेच दिसेल, जमत असेल तर तसंच करा, निम्मं काम वाचतं. बॅटरी मात्र तरीही सोडवायचीच.

टायर काढताना व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या, दोन्ही बाजूंनी टायरची कड दाबून रिमपासून सुटी करा, आणि मग व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने लिव्हर घाला. अशा चाकातल्याच मोटरच्या रिमला मधली खोबण उथळ असते, त्यामुळे कड सायकलपेक्षा बरीच घट्ट येते, जोर लावण्यापेक्षा उरलेली कड पायाने किंवा गुडघ्याने खोबणीत ढकलत राहायची, तेवढीच दुसरीकडे ढिली मिळते. कडेला साबणाचं पाणी लावा, फरक लगेच जाणवेल.

नवी ट्यूब घालायच्या आधी तिला थोडीशी हवा भरा, फक्त गोल आकार येईल एवढी, आणि वरून टाल्कम पावडर चोळा म्हणजे ती टायरला चिकटत नाही, आत नीट सरकून बसते. कड चढवायला सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. शेवटचे चार बोटं टायर अगदी अडून बसतो, आणि इथेच माणूस वैतागून लिव्हर खोल घालतो आणि नवी कोरी ट्यूब चिमटतो. थांबा, समोरची कड परत खोबणीत दाबा, साबण लावा, तळहाताने लोटा. चढली की व्हॉल्व्ह एकदा आत दाबून परत बाहेर ओढा, म्हणजे तिथे ट्यूब कडेखाली अडकली असेल तर सुटते. मग हवा भरा, पूर्ण सोडा, परत भरा, आतल्या घड्या अशाच निघतात. टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक रेघ असते, ती सगळीकडून रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत गेली असेल तर तिथे टायर बसलेला नाही, फिरवल्यावर तिथेच उसळी जाणवणार.

प्रश्न : ट्यूब बदलून दोनच दिवस झाले आणि परत हवा गेली. नवी ट्यूबच खराब निघाली का?

उत्तर : निघू शकते, पण बहुतेक वेळा पहिल्या पंक्चरचं कारण टायरमध्ये तसंच राहिलेलं असतं. जुनी ट्यूब टाकून दिली असेल तर वाईट झालं, कारण सगळी हकीकत तिच्यावर लिहिलेली असते.

भोक बाहेरच्या अंगाला असेल, म्हणजे रस्त्याकडच्या, तर काटा काच किंवा बारीक तार. ट्यूब टायरवर व्हॉल्व्ह जुळवून ठेवा, भोकासमोरची जागा मिळेल, आणि तिथे आतून कापड फिरवा, उघडं बोट नको. तारेचा केसाएवढा तुकडा डोळ्याला दिसत नाही पण कापडाचा धागा त्याला अडकतो. भोक आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर रिमवरची पट्टी सरकलीय का, कुठे धारदार कड आलीय का ते बघा. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा असतील तर ट्यूब चिमटलीय, एकतर खड्ड्यात टायर दबून रिमवर आपटला किंवा बसवताना लिव्हर लागला. नव्या ट्यूबवर दोनच दिवसांत अशा चिरा दिसल्या तर मी लिव्हरवरच संशय घेईन.

आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर ते खास या गाड्यांचं दुखणं आहे. ब्रेक आणि ॲक्सिलरेशन दोन्ही मोटरच करते, तो सगळा पीळ रिमकडून टायरला जातो. हवा कमी असेल तर टायर रिमवर थोडा थोडा सरकतो, सोबत ट्यूबला ओढतो, व्हॉल्व्ह बिचारा रिमच्या भोकात अडकलेला, मग तो मुळाशी फाटणार नाही तर काय. व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला की समजायचं हे सुरू झालंय, लगेच हवा सोडून टायर सरळ करा आणि योग्य दाबाने परत भरा. मुळाशी फाटलेल्या ट्यूबला पॅच लावू नका, टिकत नाही. एखादं साधं भोक असेल, व्हॉल्व्हपासून आणि सांध्यापासून लांब, तर नीट घासून सोल्युशन लावून बसवलेला पॅच बिनधास्त चालवा.

प्रश्न : ट्यूब घेताना फक्त इंच सांगितलं तर चालतं का? आणि व्हॉल्व्ह सरळ की वाकडा?

उत्तर : नाही चालत. टायरच्या बाजूवर लिहिलेलं वाचून तेच घ्या. १६ × २.१२५ असं असेल तर १६ हा साधारण बाहेरचा व्यास आणि २.१२५ रुंदी, दोन्ही इंचात. पण मोटरसायकलच्या पद्धतीचा टायर असेल, समजा २.७५-१४, तर १४ हा रिमचा व्यास असतो आणि बाहेरून ते चाक बरंच मोठं भरतं. या गोंधळात चुकीची ट्यूब घरी येते. लहान ट्यूब ताणून बसते खरी पण ताणली की पातळ होते.

व्हॉल्व्ह जुन्यासारखाच घ्या, पुष्कळ गाड्यांना वाकडा लागतो. कव्हर आणि टायर यांच्यामध्ये जागाच एवढी कमी की सरळ व्हॉल्व्हवर पंपाचं नोझल बसत नाही, कधी व्हॉल्व्ह फिरताना कव्हरला घासतो. हवा भरायला एक्स्टेन्शन नळी वापरा पण भरून झाली की काढून ठेवा, लावून फिरू नका.

प्रश्न : सगळं जोडलं, चालू केली तर चाक जागच्या जागी थरथरतं आणि घर्र आवाज येतो. मोटर गेली का?

उत्तर : लगेच बंद करा, परत परत चालू करून बघू नका, त्यातच बोर्डवरचे मॉस्फेट, म्हणजे मोटरला करंट सोडणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, जळतात. मोटर गेलेली असण्यापेक्षा जाड वायर अदलाबदल झालेल्या असणं किंवा हॉल सेन्सरचा कनेक्टर अर्धवट बसलेला असणं जास्त शक्य आहे. बॅटरी सोडवा, फोटो काढा म्हटलं होतं ते समोर ठेवून रंग जुळवा, बारीक कनेक्टरच्या पिन वाकल्यात का बघा. वायर कव्हरखाली किंवा ब्रॅकेटखाली चेपली गेलीय का तेही बघा, आसाजवळ खासकरून. तिन्ही जाड वायर सुट्या असताना चाक हाताने अगदी मोकळं फिरायला हवं. तेव्हाही जड अडखळत फिरत असेल तर वायरची टोकं एकमेकांना टेकलेली नाहीत ना ते आधी बघा, टेकलेली नसतील तर आत कुठेतरी दोन वायर चिकटल्यात, मग मात्र जाणकाराकडे द्या.

बॅटरी जोडताना बारीकशी ठिणगी आणि टक आवाज येतो, तो कपॅसिटर भरल्याचा, त्याला घाबरू नका. चालू करताना गाडी जमिनीवर उभी ठेवा आणि हँडल पकडा. उचलून चालू करू नका, चाकाला जमिनीचा अडसर नसला की ते क्षणात पूर्ण वेगाने फिरतं आणि हातातून निसटतं. हळू पुढे झुकवा, पुढे जाते का, मागे झुकवा, मागे येते का, मगच पाय ठेवायचा. पहिली चक्कर हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घालून, चालण्याच्या वेगाने, आणि आल्यावर पेडलच्या ब्रॅकेटचे बोल्ट परत एकदा तपासा.

प्रश्न : ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घातलं तर पंक्चरची कटकट संपेल का?

उत्तर : बारीक काट्याला चालतं, चिमटलेल्या ट्यूबला आणि व्हॉल्व्हपाशी फाटलेल्याला नाही. शिवाय व्हॉल्व्हची पिन चिकटते आणि नंतर पॅच धरत नाही. मी त्यापेक्षा हवेचा दाब मोजायचा एक चांगला गेज घ्या म्हणेन. सायकलवर वजन दोन टायरवर वाटलं जातं, इथे तुमचं सगळं वजन अधिक गाडीचं वजन त्या एकाच टायरवर आहे, आणि तोच बसला तर सावरायला दुसरं चाक नाही. १६ इंची २.१२५ टायरला मध्यम वजनाच्या माणसाने ३० ते ४० पीएसआयच्या मध्ये कुठेतरी सुरुवात करावी, वजन जास्त तर वरच्या बाजूला, रुंद टायरला याहून कमी लागतं. टायरवर छापलेला कमाल आकडा ही मर्यादा आहे, तेवढी भरा असं त्याचं म्हणणं नाही. ट्यूबमधून हवा हळूहळू जातच असते त्यामुळे आठवड्यातून एकदा गेज लावा, आणि नवी ट्यूब घातल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी नक्की लावा.


ट्यूबलेसबद्दल विचारणाऱ्यांना पुढच्या अंकात उत्तर देतो, त्यात रिम आणि व्हॉल्व्हचं बरंच सांगायचंय.