परसाखालून शेजाऱ्याचं गटार जातं, घर घ्यावं का?

प्रश्न : साताऱ्यातल्या एका पेठेतलं जुनं, दगडी जोत्याचं घर घेतोय. २ लाख रुपये इसार दिलाय. नंतर इंजिनिअरला घर दाखवलं, तर त्यांनी लेखी कळवलं की वरच्या अंगाच्या घराचं सांडपाणी या घराच्या परसाखालच्या गटारातून जातं, आतलं चेंबर फुटलंय आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल धरलीय. मालक म्हणतात, "चाळीस वर्षं असंच आहे, कधी तक्रार नाही." परसात दोन खोल्या बांधायच्या होत्या. व्यवहार मोडू का?

उत्तर : मालकांनी जे वाक्य तुम्हाला धीर द्यायला ऐकवलं, ते कोर्टात शेजाऱ्याच्या कामाचं आहे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या जुन्या वस्तीत वरच्याचं पाणी खालच्याच्या परसातून जाणं काही नवं नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम १५ सांगतं की असा वापर २० वर्षं उघडपणे, बिनतक्रार, अखंड आणि हक्क म्हणून झाला असेल तर तो वहिवाटीचा हक्क होतो. मग मालक बदलला तरी गटार बुजवता येत नाही, त्यावर बांधकाम करून ते अडवताही येत नाही. कलम २४ प्रमाणे दुरुस्तीसाठी शेजारी तुमच्या परसात खणूही शकतो. खणलेलं पूर्ववत करून देणं मात्र त्याच्याकडे.

यातला कळीचा शब्द 'हक्क म्हणून'. आधीच्या कुणी "सोडा हो पाणी" म्हणून परवानगी दिली असेल, तर ती नुसती मुभा ठरते, हक्क नव्हे. मालकांना हे खोदून विचारा, जुना कागद असेल तर मागा. दोन्ही घरं मुळात एकाच वाड्याची असून वाटपात वेगळी झाली असतील, तर वाटपपत्रही वाचावं लागेल. तिथे गटाराचा हक्क वाटपातूनच आला असेल, तर २० वर्षं मोजायची गरजच पडणार नाही, असंही होऊ शकतं.

आता मालकांकडे वळू. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. जमिनीखालचं गटार त्यात बसवता येतं. पण खरी मेख अशी की आता तुम्हाला सगळं कळलंय, तेही लेखी. आज गप्प बसून खरेदीखत केलंत, तर उद्या "लपवलं" म्हणायला तोंड राहणार नाही. म्हणून साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) नोंदवताना इंजिनिअरचा अहवाल सोबत जोडा. चेंबर आणि ओल खरेदीखताआधी मालकांनी स्वखर्चाने दुरुस्त करायची, नाहीतर तेवढी रक्कम किमतीतून वजा, असं कलम घाला. तोंडी "करून देतो" नको. (माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं त्या "करून देतो"चीच असतात.)

मालक लिहून द्यायला तयार नसतील, तर मागे फिरा. योग्य कारणाने ताबा नाकारलात तर इसाराच्या रकमेचा बोजा मिळकतीवर राहतो, म्हणजे ती रक्कम त्या मिळकतीतून वसूल करायचा हक्क तुम्हाला असतो, हेही कलम ५५ मध्येच आहे. तरी इसारपावतीत 'इसार जप्त' अशी ओळ आहे का ते आधी बघा. असेल, तर नोटीस वकिलाकडूनच जाऊ द्या.

आणि खोल्यांचा नकाशा इतक्यात काढू नका. शेजाऱ्याच्या संमतीने त्याच्या मोरीत रंगाचं पाणी ओतायला लावा, ते कुठून येतं ते इंजिनिअरला पाहू दे, आणि ती लाइन परसात चुन्याने आखा. बांधायला किती जागा उरते ते बघूनच किमतीचं बोला.