अमेरिकेतली निळी बाप्टिशिया कोकणात?

प्रश्न : पुतण्या अमेरिकेहून बाप्टिशियाच्या बिया आणतो म्हणतोय, फोटोत निळे तुरे बघून जीवच जडला. आमच्याकडे रत्नागिरीला होईल का?

उत्तर : ताई, खरं सांगू, नाद सोडा. हे झाड आपल्या वाल-तुरीच्याच कुळातलं, तिकडच्या गवताळ माळांवरचं, पण त्याला कडक हिवाळा लागतो, थंडीत वर सगळं वाळून जातं आणि वसंतात मुळातून परत फुटतं, आता रत्नागिरीत तशी थंडी आणायची कुठून? त्यात मूळ खोल जाणारं, पाणी तुंबलेलं अजिबात चालत नाही आणि आपला पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे. बरं, बी लावल्यावर फूल यायलाच दोन-तीन वर्षं. शेंगा मात्र मस्त, वाळून काळ्या झाल्या की आपल्या खुळखुळ्यासारख्या वाजतात. पूर्वी तिकडचे लोक निळीऐवजी याचाच रंग वापरायचे, पण तो खऱ्या निळीइतका चांगला नव्हता. आणि परदेशातनं बिया अशा बॅगेत टाकून आणता येत नाहीत हां, त्याला परवानगी आणि रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं.

निळंच हवं असेल तर कुंपणावर गोकर्ण सोडा, तीही त्याच कुळातली, बिया फक्त रात्रभर भिजवून लावा.