१६ बाय १२ च्या खोलीत बेडरूम आणि अटॅच्ड बाथरूम कसं बसवावं?

तुमची जागा मला समजली ती अशी: कोल्हापुरात पहिल्या मजल्यावर आतून १६ बाय १२ फुटांची खोली, स्लॅब आधीच पडलेला. पश्चिम आणि उत्तर या बाहेरच्या भिंती. दार दक्षिणेच्या लांब भिंतीत मधोमध. खाली वायव्य कोपऱ्यात तळमजल्याचं बाथरूम. मुलाच्या लग्नाआधी यातच बेडरूम आणि अटॅच्ड बाथरूम काढायचंय, आणि पलंग कुठे ठेवायचा हे तुम्ही विचारलंय.

पलंगाचं नंतर बघू. आधी संडासाचा चार इंची पाइप कुठून खाली उतरणार ते ठरवा. पलंग कधीही सरकवता येतो, ती लाइन एकदा टाकली की हलत नाही. तुमच्याकडे खालचं बाथरूम वायव्येला आहे, म्हणजे लाइनही तिथेच. वरचं बाथरूम बरोबर त्याच्यावर घ्या. पाइप सरळ खाली जाईल, आणि कधी काळी गळती झालीच तर ती खालच्या बाथरूममध्ये होईल, कुणाच्या अंथरुणावर नाही. घरातल्या मोठ्यांचा वास्तूचा आग्रह असेल तर वायव्येला त्यांचीही हरकत नसते.

पश्चिमेची बाजू बाथरूमला देण्याचं आणखी एक कारण आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते आणि रात्री खोलीत ऊब सोडत राहते. मध्ये बाथरूम आलं की झोपायची खोली त्यातून वाचते, आणि बाथरूम त्याच उन्हानं कोरडं होतं.

आता मापं. पश्चिमेकडून ५ फूट रुंदीची पट्टी घ्या. त्यात उत्तरेकडचे ७ फूट बाथरूम. मध्ये भिंत गेली की दक्षिणेकडे साधारण साडेचार फूट उरतात, ते कपाटासाठी. ५ बाय ७ म्हणजे ३५ चौरस फूट. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये संडास-बाथरूम एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे ३० चौरस फूट धरलेत, त्यामुळे हे अजिबात लहान नाही. बाथरूमचं दार पलंगासमोर उघडू देऊ नका. ते कपाटाच्या बोळात, दक्षिणेकडे काढा. पलंगावर बसलं की समोर कमोड दिसतोय, असे प्लॅन मी कितीतरी बघतो आणि मला ते बिलकुल पटत नाहीत.

आतली मांडणी कोरड्याकडून ओल्याकडे जाऊ दे. दारातून शिरताच पश्चिमेच्या भिंतीला बेसिन, त्याला दीड फूट. मग कमोड, त्याला अडीच फूट, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे १५-१५ इंच मिळतात. शेवटचे उत्तरेकडचे ३ फूट अंघोळीला. शॉवर लावा, पण खाली बादली बसेल असा नळही हवाच, आपल्याकडे पाहुणे बादली मागतात. सगळे पाइप पश्चिमेच्या एकाच भिंतीत राहतील. गच्चीवरच्या सोलरची लाइनही तिथूनच आणा. लाइन जितकी लांब, तितकं गरम पाणी येईपर्यंत गार पाणी सोडून द्यावं लागतं. पावसाळ्यात सोलर साथ देत नाही, म्हणून गिझरचा पॉइंट आत्ताच काढून ठेवा.

कपाट मात्र बाथरूमच्या भिंतीला टेकवू नका. आवाज अडतो म्हणून बरेच जण तसं सुचवतात. कोरड्या गावात चालत असेल, आपल्याकडे नाही. इथे जूनपासून चार महिने हवाच ओली असते. माझ्या मावशीच्या राजारामपुरीतल्या घरी बाथरूमला पाठ लावून केलेलं कपाट आहे. श्रावणात त्याचं दार उघडलं की कुबट वास येतो, मागचा प्लाय हाताला फुगलेला लागतो आणि पैठणीच्या घडीवर पांढुरके ठिपके पडलेले असतात. तुमचं कपाट दक्षिणेच्या आतल्या भिंतीला लावा. ५ फूट लांब, २ फूट खोल, सरकत्या दारांचं. बाथरूमला जायला अडीच फूट वाट उरते. पश्चिमेच्या भिंतीपासून कपाटाची बाजू दोन इंच सोडून ठेवा.

हे सगळं वजा जाता बेडरूम साधारण साडेदहा बाय १२ ची राहते. पलंगाचं डोकं पूर्वेच्या भिंतीला, मधोमध. ६ बाय साडेसहाचा पलंग असला तरी दोन्ही बाजूंना ३-३ फूट आणि पायथ्याशी ४ फूट मोकळे. खोलीच्या दाराच्या बिजागऱ्या पलंगाच्या बाजूला घ्या. दार अर्धं उघडलं तरी बाहेरून पलंग दिसणार नाही. लग्न झालेल्या मुलाच्या खोलीत ही गोष्ट फार मोलाची. खिडकी उत्तरेला, ५ फुटांची तरी असू दे.

बाथरूमची खिडकी पश्चिमेला उंचावर, २ बाय २ ची, वर दोन फुटांचा छज्जा. पावसाचा मारा त्याच बाजूनं येतो, छज्जा नसला तर पाणी आत येईल. एक्झॉस्टसाठी त्यातच जागा ठेवा. दाराला ग्रॅनाइटची चौकट आणि फायबरचं दार, लाकडाच्या भानगडीत पडू नका.

स्लॅब तयार असल्यामुळे बाथरूमसाठी तो खाली घेतलेला नसणार, म्हणजे फरशीखाली पाइप टाकायला खोली मिळणार नाही. कमोड पी-ट्रॅपचा, म्हणजे मागच्या बाजूनं आडवा निचरा होणारा, घेतला की पाइप भिंतीतून थेट बाहेर निघतो. नहाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीवरचं पाणी जाणाऱ्या जाळीची, लाइन खालच्या बाथरूमच्या छताखालून नेता येते. भोक मात्र इंजिनिअरला विचारूनच पाडा, बीम कुठे आहे ते त्यांनाच माहीत. मधल्या भिंतीही हलक्या ब्लॉकच्या घ्या, कारण खाली बीम नसेल तर विटांचं वजन स्लॅबवर येतं.

गवंडी येण्याआधी हा सगळा प्लॅन खडूनं फरशीवर खऱ्या मापात काढा. कमोडच्या जागी खुर्ची ठेवून बसून बघा. सूनबाईंनाही बोलवा, त्यांना राहायचंय तिथे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल्स बसवायची घाई करू नका. ट्रॅपचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरा, निदान दोन दिवस तसंच ठेवा आणि खालच्या बाथरूमचं छत सकाळ-संध्याकाळ हात लावून तपासा. गवंडी म्हणेल, गरज नाही. तरी भराच.