रविवारच्या बरोकबद्दल, खालून वर

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. रविवारभर रेडिओवर बरोक, म्हणजे साधारण १६०० ते १७५० मधलं युरोपी संगीत, लावून ठेवतेस, कानाला गोड लागतं, पण रात्री आठवायला गेलं तर एक चाल हाती लागत नाही. कोरेली हा संगीतकार कुठे संपला नि विवाल्डी कुठे सुरू झाला, तेही कळत नाही. तक्रार रास्त आहे. पेटी शिकताना तुझा कान वरच्या चालीमागे धावायला शिकला आणि या संगीतात नेमकी तीच सवय आड येते. म्हणून एवढं एक कर: खालून ऐकायला लाग.

त्या काळातला बहुतेक वाद्यमेळ खर्जाच्या ओळीवर उभा असतो. चेलो किंवा व्हायोला द गांबा यांसारखं गजानं वाजवायचं वाद्य ती ओळ धरतं आणि हार्पसिकॉर्ड (तारा छेडणारं, पट्ट्यांचं वाद्य) किंवा थिऑर्बो, म्हणजे लांबलचक मानेचं ल्यूट हे तंतुवाद्य, तिच्यावर सुरांचा भराव घालतं. गंमत अशी की हा भराव कागदावर लिहिलेलाच नसतो. खर्जाची ओळ आणि तिच्यालगत काही आकडे, बाकी वादकानं तिथल्या तिथं जुळवायचं. याला म्हणतात बासो कंटिन्युओ. तीच रचना दोन मेळांकडून ऐकलीस की वरची चाल जवळपास तीच आणि मधला भराव निराळा, असं का होतं ते आता कळेल. साथ करणाऱ्या माणसाला यात फार मजा आहे.

सुरुवात पर्सेल या इंग्लिश संगीतकाराच्या 'डायडो अँड इनियस'पासून कर. १६८९च्या सुमारास लंडनजवळच्या चेल्सीत, मुलींच्या शाळेत हा छोटासा ऑपेरा झाला होता. शेवटी डायडो राणी मरण्याआधी गाते, ते गाणं घे. पेटीवर पांढरी पाचचा सा धर आणि उतर: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. मग थोडी फिरून ओळ सा वर परत. पाच मात्राखंडांचं हे आवर्तन गाणंभर तसंच फिरत राहतं, लेहऱ्यासारखं. आता वर राणीचं गाणं ऐक. तिचं वाक्य आवर्तनाबरोबर संपेल असं तुला वाटेल, पण बऱ्याचदा खालची ओळ पुन्हा सुरू झालेली असते आणि ती अजून मागच्याच वाक्यात असते. सारं दुःख त्या घसरणीत आहे. नुसती वरची चाल ऐकलीस तर यातलं अर्धं निसटेल.

रेडिओबरोबर पेटी लावायला गेलीस तर मात्र गोंधळशील. जुन्या पद्धतीनं वाजवणारे मेळ बहुधा ए हा सूर ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झला लावतात. म्हणजे त्यांची पांढरी सहा तुझ्या काळी चारवर बोलते. फ्रेंच रचनांना कधी ३९२ धरतात, तेव्हा आणखी अर्धा स्वर खाली, पांढरी पाच. पेटी बिघडलेली नाही.

हे सगळं रविवारीच का, असं तू विचारलंस. एक कारण बाख या जर्मन संगीतकारापाशी सापडतं. १७२३ मध्ये तो लाइपझिगला रुजू झाला आणि पहिली काही वर्षं जवळजवळ दर रविवारी चर्चसाठी नवा कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यमेळासाठीची रचना, लिहीत होता. त्या रविवारी बायबलमधला जो उतारा वाचायचा, त्याला धरून. रचना मुळातच वाराला बांधलेली. पुढे १९३१ पासून कार्ल श्ट्राउबेनं त्याच शहरातल्या तोमानर मुलांच्या गायकवृंदाकडून हे कँटाटा रविवारच्या रेडिओवर आणले, ते काही वर्षं चाललं. आजही काही केंद्रं त्या त्या रविवारचा कँटाटा शोधून लावतात.

काय ऐकायचं? अमेरिकेच्या रेडिओवरचा 'संडे बरोक' हा कार्यक्रम सोपा. पूर्व किनाऱ्यावरची सकाळची आठची वेळ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. त्याची निवेदिका सुझान बोना हळुवार बोलते, पण माझ्या मते तिथे ओळखीच्या रचना जरा जास्तच वाजतात. इंडियाना विद्यापीठाच्या रेडिओवरचं 'हार्मोनिया' मध्ययुगापर्यंत मागे जातं, एका वेळी एकच विषय घेतं. माझं मत त्याला. बीबीसी रेडिओ ३ वरचा 'अर्ली म्युझिक शो' जड वाटेल, राहू दे. त्याच केंद्रावर शनिवारी एका रचनेची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून तपासतात, तो भाग मात्र सोडू नकोस. एकाच ओळीला कोण घाई करतं, कोण आतड्याच्या तारांवर गज रेलतं, हे तिथे जितकं कळतं तितकं आठवडाभर एकटीनं ऐकून कळायचं नाही.

'मन शांत करणारं बरोक' अशा नावाच्या याद्यांच्या वाटेला जाऊ नकोस. त्यात निवेदक नसतो, वाजवणाऱ्यांचं नावही कळत नाही. रेडिओवर निवेदक मेळाचं नाव सांगतो, ते वहीत लिहून ठेव. रचनेचं नाव मागाहून सापडतं.

आणि फोनच्या स्पीकरवर ऐकत असशील तर वर लिहिलेलं सगळं फुकट. खर्ज त्यातून येतच नाही. हेडफोन लाव, डायडोचं गाणं दोनदा ऐक, आणि तिची ओळ आवर्तनाला पहिल्यांदा कुठे ओलांडते ते मला लिही.

तुझी,
मावशी